घराचं विरजण

पालक एकत्र जमले की एक तक्रार हमखास निघते. "सातवीपर्यंत शब्दाबाहेर नव्हता हो. सकाळी देवाला नमस्कार, संध्याकाळी शुभं करोति. आता काही बोलायला गेलं की खोलीचं दार लावून घेतो. एवढे संस्कार केले, ते गेले कुठे?"

त्याच घरातल्या मुलाला विश्वासात घेऊन विचारलं तर त्याच्याही मनात प्रश्न असतो, फक्त उलट बाजूचा. "मी जे मानतो ते खरंच माझं आहे, की घरच्यांनी लहानपणापासून माझ्या डोक्यात भरलंय?"

मुळात हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. घर मुलाला नेमकं काय देतं, ते कसं देतं आणि त्यातलं काय टिकतं? या प्रकरणात एकेक पायरी चढत आपण त्याचं उत्तर शोधू. सोबतीला रोजच्या स्वयंपाकघरातला एक दाखला घेऊ : दही लावणं. आनंदावर विरजण पडलं असं आपण म्हणतो, पण स्वयंपाकघरात तेच चमचाभर विरजण पातेलंभर दुधाला घट्टपणा आणि चव देतं. दूध स्वतःचे गुण घेऊन आलेलं असतं. विरजण थोडंसंच लागतं. बाकी सगळं अवलंबून असतं उबेवर आणि पातेलं सारखं न हलवण्यावर.

१. 'मी कोण?' हा प्रश्न याच वयात का?

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला "तू कोण?" असं विचारलं, तर तो नाव सांगेल, इयत्ता सांगेल, क्रिकेट आवडतं म्हणेल. पंधराव्या वर्षी उत्तर बदलतं. "मी घरात गप्प असते, पण मैत्रिणींमध्ये खूप बोलते. मग खरी मी कोणती?" हा प्रश्न लहान मुलाला पडत नाही, कारण स्वतःकडे बाहेरून पाहण्याची आणि 'हे असंच का, वेगळं का नाही?' असं विचारण्याची क्षमता किशोरवयात खऱ्या अर्थानं विकसित होते. शरीर बदलत असतं, आवाज बदलत असतो, लोकांच्या अपेक्षा बदलत असतात. "आता तू लहान नाहीस" आणि "एवढी मोठी झाली नाहीस अजून" ही दोन्ही वाक्यं मुलीला एकाच दिवशी ऐकायला मिळतात.

या अवस्थेचा सखोल विचार एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं केला. त्याला स्वतःलाच हा प्रश्न जन्मापासून चिकटलेला होता. १९०२ साली जर्मनीत त्याचा जन्म झाला. आई डॅनिश ज्यू. जन्मदाता पिता कोण, हे त्याला कधीच कळलं नाही. आईनं नंतर होमबर्गर नावाच्या बालरोगतज्ज्ञाशी लग्न केलं आणि हेच तुझे वडील, असं त्याला सांगितलं गेलं. मुलगा उंच, निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा. ज्यूंच्या प्रार्थनास्थळात मुलं त्याला परका म्हणायची आणि शाळेत ज्यू म्हणून हिणवायची. पुढे तो अमेरिकेत गेला आणि १९३९ मध्ये नागरिकत्व घेताना त्यानं आडनाव निवडलं, एरिक्सन. म्हणजे एरिकचा मुलगा. जणू तो स्वतःच स्वतःचा पूर्वज झाला.

एरिक्सनचं म्हणणं असं, की आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर माणसापुढे एक मुख्य काम असतं. किशोरवयातलं काम म्हणजे आतापर्यंत मिळालेले तुकडे जुळवून एक सलग 'मी' उभा करणं. बहुतेक तुकडे घरातून आलेले असतात : भाषा, आडनाव, जात, धर्म, ताटात येणारे पदार्थ, घरातली सुखदुःखं. जुळवणी मात्र मुलालाच करावी लागते. दार लावून घेणारा मुलगा बऱ्याचदा हेच काम करत असतो.

२. एकच निवड, चार वाटा

जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये एरिक्सनचा विचार आणखी सुटसुटीत केला. त्यानं दोन साधे प्रश्न धरले. मुलानं वेगवेगळे पर्याय शोधून पाहिले आहेत का? आणि त्यानं कशाशी तरी मनापासून बांधून घेतलं आहे का? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून चार अवस्था निघतात.

दहावीचा निकाल लागला आहे आणि चार मुलींनी विज्ञान शाखा घेतली आहे, अशी कल्पना करा.

पहिली म्हणते, "आमच्याकडे सगळे डॉक्टर आहेत, मीही होणार." तिनं दुसरा विचार कधी केलेलाच नाही. ही उसनी ओळख. चालते ठीक, पण प्रवेश परीक्षेत अपयश आलं तर पायाखालची जमीनच सरकते, कारण दुसरी वाट तिनं पाहिलेली नसते.

दुसरी म्हणते, "काय माहीत! सगळ्यांनी घेतलं म्हणून घेतलं." शोधही नाही आणि बांधिलकीही नाही. ही विखुरलेली ओळख.

तिसरी सध्या घुटमळते आहे. गेल्या महिन्यात तिला प्राध्यापक व्हायचं होतं, या महिन्यात चित्रकार. घरच्यांना वाटतं, हिचं काही खरं नाही. पण ती शोधात आहे, आणि हा शोध बिनकामाचा नाही.

चौथीनं विज्ञानाबरोबर भाषा, कला, व्यवसाय यांचाही विचार केला, काकांच्या शेतमाल प्रयोगशाळेत दोन आठवडे काढले, आणि मग म्हणाली, "मला मातीचाच अभ्यास करायचा आहे." ही कमावलेली ओळख.

चौघींनी भरलेला प्रवेश अर्ज सारखाच आहे. फरक आहे तो त्या अर्जापर्यंत पोचण्याच्या वाटेत. पालकांनी हे लक्षात ठेवायला हवं, की उसनी ओळख आणि कमावलेली ओळख बाहेरून एकसारख्या दिसतात. आज्ञाधारक मुलगी पाहून आपण निश्चिंत होतो आणि घुटमळणाऱ्या मुलीची काळजी करतो. कधीकधी काळजी नेमकी उलट बाजूला करायला हवी. शिवाय या अवस्था कायमच्या नसतात. माणूस एका बाबतीत ठाम आणि दुसऱ्या बाबतीत अजून शोधात असू शकतो, आणि पुढच्या आयुष्यातही त्याला पुन्हा शोध घ्यावा लागतो.

३. विरजण येतं कुठून?

आता मूल्यांकडे वळू. मूल्य म्हणजे काय? एकाच वेळी दोन गोष्टी करता येत नसतील, तेव्हा आपण ज्या गोष्टीला पुढे करतो ते आपलं मूल्य. मित्राची चूक झाकायची की खरं सांगायचं? इथे जे वरचढ ठरतं, ते त्या मुलाचं मूल्य.

हे मुलाकडे जातं कसं? 'सांगून', असं आपण समजतो. पण १९६१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग वेगळं सांगतो. बालवाडीच्या वयाच्या मुलांसमोर एका मोठ्या माणसानं हवा भरलेल्या बाहुल्याला बडवलं, हातोडी मारली, ओरडला. नंतर मुलांना त्या बाहुल्याजवळ सोडलं तेव्हा हे पाहिलेल्या मुलांनी तसाच मार दिला, अगदी तीच वाक्यं उच्चारत. कुणी त्यांना 'असं करा' म्हटलं नव्हतं. हा प्रयोग लहानग्यांवरचा होता, पण त्यामागचं तत्त्व मोठ्या वयातही लागू पडतं : माणूस माणसाला पाहून शिकतो.

किशोरवयात त्यात एक भर पडते. लहान मूल फक्त पाहतं. किशोर पाहतो आणि पडताळतो. "खोटं बोलू नये" हे वाक्य आणि "फोन आला तर बाबा घरात नाहीत म्हणून सांग" हे वाक्य त्याच्या मनात शेजारी शेजारी ठेवली जातात.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. घरात भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी आहेत. सगळी माणसं सारखी, असं वडील आवर्जून सांगतात. आणि स्वयंपाकघरात धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा, कान तुटलेला, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा ठेवलेला. मूल पंधरा वर्षं तो कप पाहतं. समतेवरचा निबंध त्यानं शाळेत लिहिला असेल, पण माणसांना कसं वागवायचं हे त्या कपानं शिकवलेलं असतं. तसंच जेवण झाल्यावर ताट कोण उचलतं, भावाला बाहेर जाताना कुणी काही विचारत नाही आणि बहिणीला मात्र "कुठे, कुणाबरोबर, किती वाजता परत?" असं विचारलं जातं, हेही शिक्षणच.

विरजण जसं असेल तसंच दही लागतं. आंबट विरजण घालून गोड दह्याची अपेक्षा ठेवता येत नाही.

४. दूध कोमट हवं

उकळत्या दुधात विरजण घातलं तर दह्याचे जिवाणू मरतात. गार दुधात घातलं तर ते काम करत नाहीत. घराच्या उबेचंही असंच आहे.

डायना बॉमरिंड या अमेरिकन संशोधिकेनं १९६० च्या दशकात पालकांच्या वागण्याच्या तऱ्हा मांडल्या, आणि पुढच्या संशोधकांनी त्यात भर घातली. तिथेही पाहायच्या गोष्टी दोनच. घरात माया किती आहे? आणि चौकट, म्हणजे नियम आणि अपेक्षा, किती स्पष्ट आहे?

समजा, मुलगा विचारतो, "गणपती विसर्जनाला रात्रभर मित्रांबरोबर थांबू?"

फक्त चौकट असलेल्या घरातलं उत्तर : "नाही म्हणजे नाही. कारण विचारायचं नाही."

फक्त माया असलेल्या घरातलं उत्तर : "जा बाबा, तुला कोण अडवणार!"

दोन्ही नसलेल्या घरात हा प्रश्न विचारलाच जात नाही.

आणि दोन्ही असलेल्या घरातलं उत्तर : "रात्रभर नको. गर्दी असते, वाहनं असतात, आम्हाला झोप लागत नाही. बारापर्यंत थांब, मी चौकात न्यायला येतो. तुला हे चुकीचं वाटत असेल तर का वाटतं ते सांग." या चौथ्या उत्तरात नियम आहे, नियमाचं कारण आहे आणि मुलाला बोलायला जागाही आहे.

कारण सांगण्याचं महत्त्व इथे आहे. नुसता नियम पालकांच्या नजरेपुरता टिकतो. कारण मात्र मुलगा बरोबर घेऊन फिरतो. उद्या परगावी वसतिगृहात राहायला गेल्यावर विसर्जनाचा नियम उपयोगी पडणार नाही, पण 'गर्दीत स्वतःची आणि घरच्यांची काळजी घ्यायची असते' हे कारण उपयोगी पडेल.

एक खुलासा करायला हवा. बॉमरिंडचा मूळ अभ्यास अमेरिकन घरांवरचा आहे. कडकपणाचा अर्थ सगळीकडे एकच नसतो. ज्या समाजात वडीलधाऱ्यांचं रागावणं हे काळजीचं रूप मानलं जातं, तिथे मूलही ते तसंच घेऊ शकतं. पण रागावण्यामागची माया मुलाला जाणवत नसेल, तर तो कडकपणा कुठल्याही देशात मुलाला दूरच नेतो.

५. घरातल्या गोष्टींचं बळ

आता एक अशी गोष्ट, जी आपल्या आज्यांना संशोधनाशिवायच ठाऊक होती.

अमेरिकेत अटलांटा इथल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवश या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००१ च्या सुमारास मुलांसाठी २० प्रश्नांची एक यादी केली. आईवडिलांची भेट कशी झाली? आजी-आजोबा कुठे वाढले? घरावर मोठं संकट कधी आलं होतं? अशा प्रकारचे प्रश्न. ज्या मुलांना आपल्या घराची गोष्ट अधिक माहीत होती, त्यांच्यात स्वतःबद्दलचा आदर अधिक दिसला आणि आपल्या आयुष्यावर आपला ताबा आहे ही भावनाही अधिक दिसली. याचा अर्थ ही २० उत्तरं मुलाकडून घोकून घ्यावीत असा नाही. ती उत्तरं माहीत असणं ही खूण आहे, की त्या घरात माणसं एकत्र बसतात, जेवतात आणि बोलतात.

कुठली गोष्ट सर्वांत बळ देते? नुसती वैभवाची नाही, नुसती पडझडीची नाही. चढ-उतारांची. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हजारो घरांची चूल अडचणीत आली. अशा एखाद्या घरात नातीला गोष्ट दोन प्रकारे सांगता येते. "संपानं आपलं वाटोळं झालं." किंवा, "गिरणी बंद झाली, आजोबा वर्षभर बसून होते, मग तुझ्या आजीनं पोळीभाजीचे डबे सुरू केले, आजोबा ते पोचवायला लागले, आणि त्यातून तुझ्या बाबांचं शिक्षण झालं." दुसऱ्या गोष्टीत संकट लपवलेलं नाही, आणि त्यातून काढलेली वाटही दिसते. बारावीत कमी गुण मिळालेल्या नातीला ही गोष्ट उपदेशाविना सांगते, की आपल्या घरात माणसं पडतात आणि उठतात.

आजचं एक दुखणं असं, की आपण मुलांना आपल्या यशाच्याच कथा ऐकवतो. "तुझ्या वयात मी..." अशी सुरू होणारी गोष्ट मुलांना कंटाळवाणी वाटते, कारण तिच्यात त्यांना शिरायला फट नसते. आपण नापास झालो, घाबरलो, चुकीचा मित्र धरला, हेही सांगायला हवं.

६. मग मित्रांचं काय?

"आमचं ऐकतो कुठे, मित्रांचंच ऐकतो," हा पुढचा आक्षेप. त्यात तथ्य आहे. अमेरिकन लेखिका ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९८ मध्ये, मुलांना घडवण्यात पालकांपेक्षा सवंगड्यांचा वाटा मोठा असतो, असं पुस्तकच लिहिलं आणि मोठा वाद झाला. २००५ मध्ये लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी संगणकावर गाडी चालवण्याचा एक खेळ लोकांना खेळायला दिला. मित्र शेजारी असताना किशोरांनी एकट्यापेक्षा कितीतरी जास्त धोके पत्करले. मोठ्या माणसांच्या खेळात मित्र असल्या-नसल्यानं फारसा फरक पडला नाही. मेंदूतला आवेग आवरणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो, हे त्यामागचं एक कारण.

तरी घराचं स्थान जात नाही. केस कसे कापायचे, कुठली गाणी ऐकायची, कसं बोलायचं, हे मित्र ठरवतात. शिक्षण, श्रद्धा, पुढचं आयुष्य अशा खोल गोष्टींत घराचा आवाज अजून ऐकला जातो, फक्त बोलून दाखवला जात नाही. मित्र कोणते निवडायचे, यातही घरातून नेलेली चाळणी काम करत असते.

मग पालकांनी पाळत ठेवावी का? स्वीडनमध्ये हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी १४ वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलं कुठे जातात, काय करतात, हे ज्या पालकांना नीट माहीत होतं, त्यांना ते कळलं कसं? विचारपूस आणि नियंत्रण यांतून थोडंफार. बहुतांश माहिती मुलांनी आपणहून सांगितली म्हणून कळली. मुलाचा मोबाइल तपासणारी आई आणि ज्या आईला मुलगा स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून सगळं सांगतो ती आई, यांतल्या दुसरीला जास्त माहीत असतं. ओट्यापाशी सांगितलेल्या पहिल्याच गोष्टीवर ओरडा मिळाला, तर दुसरी गोष्ट येत नाही.

७. वडिलांपुढे उभा राहिलेला मुलगा

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. मुलानं घरच्या श्रद्धेलाच नकार दिला, तर संस्कार वाया गेले का?

महाराष्ट्राच्या इतिहासात याचं एक थोर उदाहरण आहे. डॉ. भीमराव ऊर्फ बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते, कडक शिस्तीचे आणि धार्मिक. रोज भजनं म्हटली जायची. मुलांकडून ते रामायण-महाभारत वाचून घेत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत भीमरावांचा अभ्यास व्हावा म्हणून ते त्यांना पहाटे दोनला उठवत, आणि पुस्तकांसाठी लागले तर मुलींकडून उसने पैसेही घेत. शाळकरी वयात भीमरावांना कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. ते वाचून मुलगा वडिलांपुढे उभा राहिला. बौद्ध साहित्याची ओळख आम्हाला का करून दिली नाहीत? हेच ग्रंथ का वाचायला लावता? वडिलांचं उत्तर असं होतं, की आपण अस्पृश्य मानले गेलेले लोक, आपल्यात न्यूनगंड येऊ नये, लहान समजली गेलेली माणसं किती उंचीवर गेली हे तुम्हाला कळावं, म्हणून. मुलाचं समाधान झालं नाही. त्या ग्रंथांतल्या थोर पात्रांची वागणूक आपल्याला पटत नाही, हे त्यानं स्पष्ट सांगितलं. वडील गप्प राहिले. मुलाच्या मनात बंड उठलं आहे, हे त्यांना कळलं होतं. बाबासाहेबांनी स्वतः हा प्रसंग १९५६ मध्ये 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितला आहे. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

वडिलांची श्रद्धा मुलानं ठेवली नाही. पण ग्रंथांवरचं प्रेम, पहाटेचा अभ्यास, आपण कुणापेक्षा कमी नाही हा बाणा, आणि धर्म ही गंभीरपणे विचार करण्याची गोष्ट आहे ही जाणीव, हे सारं त्या एका खोलीतून आलेलं होतं. रामजींनी दिलेल्या बळावरच तो मुलगा रामजींना प्रश्न विचारू शकला.

तुर्कस्तानातल्या मानसशास्त्रज्ञ चिदेम काइत्चिबाशी यांचं म्हणणं इथे नीट समजतं. स्वतंत्र होणं म्हणजे नातं तोडणं, हे समीकरण त्या मानत नसत. जिथे मुलगाच म्हातारपणाचा आधार असतो, तिथे घराला आज्ञाधारक मूल लागतं. शहरं वाढली, शिक्षण वाढलं, की पैशाचं हे अवलंबित्व कमी होतं, पण मायेची ओढ राहते. अशा घरांत मूल स्वतःच्या डोक्यानं चालणारं आणि तरीही घराशी बांधलेलं असू शकतं. आपल्याकडच्या अनेक घरांना हीच वाट जवळची आहे.

८. पातेलं हलवू नका

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. संस्कार गेले कुठे? ते कुठेही गेलेले नाहीत. मुलानं ते आत नेले आहेत आणि तो एकेक तपासून पाहतो आहे. त्यातलं काही तो ठेवेल, काही बदलेल, काही परत करेल. सगळंच आपल्या हातात नसतं. मुलाचा पिंड वेगळा असतो, शाळा असते, काळ असतो. आपल्या हातात आहे ते चमचाभर विरजण आणि पातेल्याभोवती गुंडाळलेली ऊब.

म्हणून एक विनंती. या आठवड्यात एका रात्री सगळ्यांचे मोबाइल बाजूला ठेवून एकत्र जेवा. मुलाला त्याचे गुण विचारू नका. आपण त्याच्या वयाचे असताना कशात हरलो होतो, ते सांगा. मग तो जे बोलेल ते मध्येच न तोडता ऐका, पटलं नाही तरी. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत तो वेगळा कप असेल, तर आधी तो उचला.